अंगणापर्यंत गेलेल्या बाई

मिशिगनमधल्या आमच्या घरी फ्रिजच्या दारावर एक रेघांचं कार्ड आहे. त्यावर रोमन अक्षरांत, अंदाजाने केलेल्या स्पेलिंगांत, पाच मराठी गोष्टी लिहिल्या आहेत: शू, पाणी, भूक, दुखतंय, आई येते. माझी लेक अडीच वर्षांची असताना डेकेअरमध्ये जायला लागली, तेव्हा तिला मराठीशिवाय काहीच येत नव्हतं. घरात फक्त मराठी बोलायचं हे आम्ही दोघांनी मोठ्या अभिमानाने पाळलं होतं. त्या अभिमानाची किंमत पहिल्या दिवशी तिला मोजावी लागणार, हे लक्षात आलं ते ती दारात माझ्या पायाला मिठी मारून बसली तेव्हा. तिच्या वर्गाच्या शिक्षिकेने मला थांबवलं, खिशातून कोरं कार्ड काढलं आणि विचारलं, हिला शू लागली तर ही काय म्हणेल?

पाचही शब्द तिने माझ्याकडून दोनदोनदा म्हणवून घेतले. संध्याकाळी आणायला गेले तर लेक तिच्या शेजारी बसून केळं खात होती.

चौदा महिन्यांनी त्या बाईंनी नोकरी सोडली. जवळच्या एका गोदामात खोकी भरण्याच्या कामाला तासाला तीन डॉलर जास्त मिळत होते. जाताना ते कार्ड माझ्या हातात दिलं, पुढच्या शिक्षिकेला लागेल म्हणून. मी कबूल करते, मला राग आला होता तो त्या बाईंचाच. आता पुन्हा नवीन माणूस, पुन्हा सकाळची रडारड! त्याच महिन्यात मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात डेकेअरच्या बिलावरून बोलणं निघालं. घराच्या हप्त्याच्या खालोखाल रक्कम जाते, आणि त्या बायका करतात काय, डायपर बदलतात, असं कुणीतरी म्हणालं. तिळगुळाची वाटी हातात धरून मीही मान डोलावली. माझी सख्खी मावशी वाडा तालुक्यात तीस वर्षं अंगणवाडी सेविका होती, हे त्या क्षणी माझ्या डोक्यातही आलं नाही. ‘आमच्या घराण्यात शिक्षक कुणी नाही’ असं मी कित्येक वर्षं लोकांना सांगत आले आहे.

ही लाज थोडी कमी व्हावी म्हणून वाचायला सुरुवात केली, आणि त्यातून जे हाती लागलं ते तुम्हाला सांगावंसं वाटतं. तुमच्या घरी लहान मूल असेल, होतं, किंवा नातवंड सांभाळायला तुम्ही सहा महिन्यांच्या व्हिसावर इथे आला असाल, तर हा विषय तुमचाही आहे.

‘बालवाडी’ हा शब्द आपल्याला ओटी-ओसरीइतकाच जुना वाटतो. तो तसा नाही. तो रूढ केला ताराबाई मोडकांनी, आणि ‘अंगणवाडी’सुद्धा त्यांच्याच कामातून आली. ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईचा. माहेर केळकरांचं, प्रार्थना समाजाच्या वातावरणातलं. १९१४ साली त्या बी.ए. झाल्या. अमरावतीच्या वकिलाशी लग्न झालं, ते टिकलं नाही, आणि १९२१च्या सुमारास लहान मुलीला घेऊन त्या बाहेर पडल्या. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात त्या प्राचार्य झाल्या. त्या काळात एकट्या बाईला याहून मानाची खुर्ची मिळणं अवघडच होतं. ती खुर्ची दोन वर्षांत सोडून त्या भावनगरला गेल्या, अडीच-तीन वर्षांच्या मुलांबरोबर काम करायला.

भावनगरला गिजुभाई बधेका होते. हे गृहस्थ वकील. स्वतःच्या मुलाला कसं वाढवावं या विचारात असताना त्यांच्या हाती मॉन्टेसरी पद्धतीविषयीचं पुस्तक आलं, आणि १९२० साली त्यांनी दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केलं. भरघोस मिशांचे हे गुरुजी मुलांत इतके रमायचे की गुजरातीत त्यांना ‘मूछाळी मा’ म्हणत, मिशीवाली आई. मारिया मॉन्टेसरींनी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत १९०७ साली पहिलं बालगृह उघडलं होतं. लहान मूल हे रिकामं भांडं नाही, ते स्वतः काम करून शिकतं, मोठ्यांनी त्याच्या वाटेत कमीत कमी यावं, हे त्यांचं म्हणणं गिजुभाई आणि ताराबाईंनी मनापासून उचललं. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ‘शिक्षणपत्रिका’ मराठीत आणण्याचं आणि चालवण्याचं काम ताराबाईंनी केलं. १९३६ साली दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केलं. तुमच्यापैकी दादरकर असतील त्यांना या नावाने कुठेतरी ओळख पटेल.

इथवरची गोष्ट शहरातल्या शिकलेल्या घरांची आहे, आणि खरं सांगायचं तर ती इथेच थांबली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. ताराबाईंना मात्र ती टोचत होती. गुलाबी मनोरा, लाकडी दट्ट्यांचे ठोकळे, सुबक घडवलेली साधनं: मॉन्टेसरींनी गरिबांच्या वस्तीत सुरू केलेलं शिक्षण भारतात येईपर्यंत श्रीमंतांचं झालं होतं. (इथेही तेच झालंय. आमच्या गावात मॉन्टेसरी म्हटलं की फीचा आकडा आधी विचारावा लागतो.) १९४५च्या डिसेंबरात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, ताराबाई बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

बोर्डी आज पालघर जिल्ह्यात आहे, तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती. समुद्रकाठ, चिकूच्या वाड्या, आणि आत डोंगराकडे वारल्यांचे पाडे. साल लक्षात घ्या. त्याच वर्षी त्याच टापूत गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला होता. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी राबणारी ‘लग्नगडी’ होत, अशी तिथली परिस्थिती होती. अशा ठिकाणी दोन-चार बायका गेल्या आणि म्हणाल्या, आम्ही तुमच्या तीन वर्षांच्या मुलांना खेळवणार. हे ऐकून तिथल्या माणसांना काय वाटलं असेल, याचा विचार मी पुष्कळदा करते.

ताराबाईंबरोबर होत्या अनुताई वाघ. जन्म १९१०, मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. पुढची कहाणी त्या काळाच्या रिवाजाप्रमाणे माजघरात संपायची. ती संपली नाही, कारण त्या शिकल्या, मास्तरीण झाल्या, नाशिककडे चांदोरीला आणि नंतर पुण्यात शिकवत राहिल्या. रात्रशाळेतून मॅट्रिक, आणि पन्नाशी ओलांडल्यावर बी.ए. बोर्डीला गेल्या तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. पुढची सत्तेचाळीस वर्षं, १९९२ साली त्या गेल्या तोपर्यंत, त्यांनी हेच काम केलं. ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे त्यांचं आत्मचरित्र मिळालं तर जरूर वाचा.

बोर्डीत काय घडलं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण माझ्या मते या सगळ्या इतिहासाची चावी तिथे आहे. बालवाडी उघडली. जागा ठरली, वेळ ठरली. ज्यांच्यासाठी ती मुख्यतः उघडली होती, ती दलित वस्तीतली मुलं येईनात. असं झालं की शाळा काय म्हणते हे आपल्याला माहीत आहे: पालकांना कदर नाही, या लोकांना शिकायचंच नाही. ताराबाईंनी हा निष्कर्ष काढला नाही. मुलं बालवाडीकडे येत नाहीत तर बालवाडीने मुलांकडे जायचं. वस्तीतल्याच एखाद्या अंगणात, झाडाखाली, शिक्षिका जाऊन बसू लागली. मध्यवर्ती बालवाडी एक, आणि अंगणातली बालवाडी दुसरी, असे दोन प्रकार त्यातून झाले. अंगणवाडी म्हणतात ती ही.

अंगणात बसल्यावर बरंच काही दिसायला लागलं. मुलं पारोशी होती, खरजेने भरलेली होती. तेव्हा आंघोळ, केस विंचरणं, नखं कापणं हाच पहिला पाठ झाला, आणि तो आया ओट्यावरून बघत होत्या. इटालियन साधनं नव्हती. तेव्हा शिंपले, गारगोट्या, बिया, पानं, माती यांतून मोजणं, लावणं, जुळवणं सुरू झालं. समुद्रकाठच्या मुलाला शिंपला आधीच ओळखीचा असतो, त्याला त्याची भीती वाटत नाही. अशी साधनं फुटली तरी बाई ओरडत नाहीत, हाही फायदा कमी नव्हे.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, थेट वारल्यांच्या मुलखात. तिथे नवा अडसर होता. सहा-सात वर्षांची मुलगी शाळेत येईना, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड होतं. आई रानात किंवा मजुरीला. धाकट्याला ठेवणार कुठे? यावर कोसबाडचं उत्तर असं की धाकट्यालाही घेऊन ये. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी, एकमेकांना लागून; तिला नाव ‘विकासवाडी’. थोरली शिकत असताना धाकटं तिच्या नजरेच्या टप्प्यात. गुरं राखणारी मुलं तर इथेही येऊ शकत नव्हती, म्हणून शिक्षक गुरांच्या मागे कुरणात गेले, ती कुरणशाळा. दिवसा मजुरीला जाणाऱ्यांसाठी रात्रशाळा.

थोडं थांबून बघा. प्रत्येक वेळी अडचण आली ती मुलाच्या घरातून आली, आणि प्रत्येक वेळी शिक्षिकेने स्वतःची जागा, वेळ, साधनं, बोली बदलली. वारली बोली आणि पुण्याची मराठी यांत अंतर आहे. तीन वर्षांच्या मुलाला भूक लागल्याचं त्याच्या शब्दांत समजून घेतल्याशिवाय पुढचं काही होत नाही. मी हे वाचत होते तेव्हा फ्रिज माझ्यासमोरच होता.

आता तुम्हाला माझ्या घरापासून गाडीने पंचवीस मिनिटांवर नेते. इप्सिलांटी हे डेट्रॉइटच्या पश्चिमेचं छोटं शहर. आपली बरीच मंडळी तिथून रोज महामार्गाने जातात आणि विद्यापीठाच्या फलकापलीकडे काही बघत नाहीत. अनुताई कोसबाडला कुरणशाळा चालवत होत्या त्याच काळात, १९६२ साली, इथल्या पेरी शाळेत एक बालवाडी सुरू झाली. डेव्हिड वायकार्ट शाळाखात्यात विशेष सेवांचे प्रमुख होते. गरीब वस्तीतली आफ्रिकन-अमेरिकन मुलं वर्गात मागे पडतात, त्याच वर्गात पुन्हा बसवली जातात आणि शेवटी शाळा सोडतात, हे ते बघत होते. शाळा बदलणं त्यांच्या हातात नव्हतं, म्हणून त्यांनी शाळेच्या आधीच्या मुलांपासून सुरुवात केली. पेरी शाळेचे मुख्याध्यापक चार्ल्स यूजीन बीटी यांचा त्यांना पाठिंबा होता.

१९६२ ते १९६७ या काळात एकूण १२३ मुलं या अभ्यासात आली. नाणं उडवून दोन गट केले: ५८ मुलं बालवाडीत, ६५ बाहेर. पहिल्या गटातली मुलं रोज सकाळी अडीच तास येत. वीस-पंचवीस मुलांमागे चार शिक्षिका. आणि दुपारी? दुपारी शिक्षिका मुलांच्या घरी जात. दर आठवड्याला प्रत्येक घरी दीड तास. आईबरोबर बसायचं, मूल सकाळी काय करत होतं ते सांगायचं, घरात काय चाललंय ते ऐकायचं.

आपल्याला हा अभ्यास माहीत असतो तो त्याच्या निकालांमुळे. बालवाडीमुळे वाढलेला बुद्ध्यंक आठव्या वर्षापर्यंत पुन्हा दुसऱ्या गटाच्या पातळीवर आला. सगळं वाया गेलं असं म्हणायची तेव्हा पद्धतच होती. १९६५च्या उन्हाळ्यात साडेपाच लाखांहून जास्त मुलांना घेऊन आठ आठवड्यांचा हेडस्टार्ट कार्यक्रम सुरू झाला होता, त्याच्यावरही १९६९च्या वेस्टिंगहाउस अहवालाने हाच शिक्का मारला. पण इप्सिलांटीच्या संशोधकांनी ती मुलं सोडली नाहीत. चाळिसाव्या वर्षापर्यंत त्यांचा माग ठेवला. बालवाडीत गेलेल्यांपैकी ६५ टक्क्यांनी बारावी पूर्ण केली होती, न गेलेल्यांपैकी ४५ टक्क्यांनी. पाच किंवा जास्त वेळा अटक झालेले एका गटात ३६ टक्के, दुसऱ्यात ५५. वर्षाला वीस हजार डॉलरहून जास्त कमावणारे ६० आणि ४०. नोबेलविजेते अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी पुढे हे आकडे पुन्हा तपासले आणि या बालवाडीत घातलेल्या पैशावर वर्षाला सात ते दहा टक्के परतावा मिळाला असा हिशेब मांडला.

हा परतावा आता प्रत्येक विधिमंडळात, प्रत्येक निधिसंकलनाच्या जेवणात सांगितला जातो. मला ही भाषा खटकते. तीन वर्षांचं मूल आज हसलं, त्याला कुणीतरी ओळखलं, एवढं आपल्याला पुरत नाही. ते चाळिसाव्या वर्षी तुरुंगात नाही म्हणून किती डॉलर वाचले तेही पाहिजे. असो. हिशेबच करायचा तर पुरा करावा. त्याच अभ्यासातला एक तपशील सहसा कुणी सांगत नाही. पेरीच्या शिक्षिका साध्या प्रमाणपत्रवाल्या नव्हत्या, सरकारी शाळेत शिकवण्याची पूर्ण पात्रता असलेल्या होत्या. आणि त्यांना शहरातल्या शाळाशिक्षकांच्या वेतनश्रेणीपेक्षा दहा टक्के जास्त पगार होता. जास्त! परतावा मिळाला तो या पगारावर, पाच-सहा मुलांमागे एक बाई असण्यावर, आणि दुपारच्या त्या दीड तासावर. त्यांच्यापैकी एव्हलिन मूर यांनी पुढे नॅशनल ब्लॅक चाइल्ड डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट या संस्थेची धुरा अनेक वर्षं सांभाळली. बाकीच्यांची नावं बहुतेक लेखांत येतच नाहीत; ‘कार्यक्रम’ असं येतं.

बोर्डीची अंगणवाडी आणि इप्सिलांटीची बालवाडी दोन्ही मोठ्या झाल्या, म्हणजे त्यांची नावं मोठी झाली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने ३३ गटांत एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि तिच्या केंद्रांना नाव दिलं अंगणवाडी. ताराबाई दोनच वर्षांपूर्वी गेल्या होत्या. आज देशात चौदा लाखांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. जगात एवढा मोठा दुसरा प्रयत्न शोधावा लागेल, आणि कुपोषणाशी, लसीकरणाशी या बायका ज्या चिकाटीने लढल्या ते कुणी नाकारू नये. योजनेत सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, तपासणी, पुढच्या उपचारांसाठी पाठवणी, आरोग्यशिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. कोसबाडला जे मूळ होतं ते सहांपैकी एक झालं. एक सेविका, एक मदतनीस, आणि एक अख्खं गाव.

आणि त्यांना जे मिळतं त्याला पगार म्हणत नाहीत. मानधन. या शब्दावर मी बराच वेळ अडले. मानधन आपण व्याख्यात्याला देतो, पाकिटात घालून, शाल-श्रीफळाबरोबर. ज्याचं पोट दुसरीकडे भरतं त्याला. तीस वर्षं रोज सकाळी केंद्र उघडणाऱ्या बाईला हाच शब्द लावला, की तिला वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन काही द्यावं लागत नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने या सेविका सरकारी पदावर नाहीत असा निकाल दिला. २०२२च्या एप्रिलमध्ये त्याच न्यायालयाने निदान ग्रॅच्युइटीवर त्यांचा हक्क मान्य केला. २०२३च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या सेविका पुन्हा संपावर होत्या, तेव्हा मी बातमी वाचली आणि पुढे सरकवली. मावशीला फोन करावा असं सुचलंही नाही. ती तेव्हा निवृत्त झाली होती, पण तरी.

इकडे काय झालं? १९७१ साली अमेरिकेच्या दोन्ही सभागृहांनी सर्वंकष बालविकासाचा कायदा मंजूर केला होता. देशभर सरकारी मदतीची बालकेंद्रं, उत्पन्नाप्रमाणे फी. डिसेंबरात अध्यक्ष निक्सन यांनी तो नकाराधिकार वापरून परत पाठवला. मुलं वाढवण्याचं काम कुटुंबाचं, सरकारने सामूहिक संगोपनाच्या बाजूला झुकू नये, अशा अर्थाचं कारण दिलं. त्यानंतर त्या आकाराचा कायदा पुन्हा झाला नाही. तुमच्या माझ्या खात्यातून दर महिन्याला जी रक्कम जाते तिच्यामागे ही एक सही आहे.

आपल्यात इंजिनिअर पुष्कळ, म्हणून हे गणित आपल्याला सहज समजेल. इतर धंद्यांत यंत्र आलं की एक माणूस दहांचं काम करतो. इथे ते होत नाही, आणि व्हावं असं आपल्यालाही वाटत नाही. मिशिगनमध्ये तान्ह्या मुलांच्या खोलीत चार मुलांमागे एक माणूस कायद्यानेच लागतो. म्हणजे चार कुटुंबांच्या फीतून एका बाईचा पगार, जागेचं भाडं, विमा, खाणं सगळं निघायला हवं. फी वाढवली तर पालक नोकरी सोडतात, बहुतेक वेळा आईच. मग उरतं काय? बाईचा पगार. देशभरात डेकेअरमध्ये काम करणाऱ्यांची मधली कमाई सध्या तासाला पंधरा डॉलरच्या आसपास आहे. आपण भरतो ती फी आपल्याला जास्त वाटते आणि ती जास्त आहेच. तरीसुद्धा आपल्या मुलांच्या सांभाळाचा उरलेला खर्च त्या बायका कमी पगारात राहून आपल्या वतीने भरत असतात. आमच्या बाईंनी चौदा महिने तो भरला, आणि मग गोदामात गेल्या.

याला दुसरी वाट नाही असं मात्र नाही. न्यू जर्सीतल्या वाचकांच्या शेजारीच ती आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अ‍ॅबट खटल्यात १९९८ साली गरीब शाळाविभागांतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना दर्जेदार बालवाडी द्यायला राज्याला भाग पाडलं. शिक्षिका पदवीधर आणि प्रशिक्षित हवी, पंधरा मुलांमागे एक शिक्षिका आणि एक मदतनीस हवी, आणि तिचा पगार सरकारी शाळेतल्या शिक्षकांच्या बरोबरीचा हवा, हे ठरलं. आधीपासून डेकेअरमध्ये असलेल्या बायकांना काढून टाकलं नाही. त्यांना शिष्यवृत्ती देऊन शिकवलं. पन्नाशीत बी.ए. करणाऱ्या अनुताईंना हे पटलं असतं.

हे सगळं वाचून झाल्यावर एका रविवारी मावशीला फोन केला. तिला आधी वाटलं कुणी आजारी आहे. मी विचारलं, तू अंगणवाडीत नेमकं काय करायचीस? ती हसली. ‘काय करणार? सकाळी आधी पोरं गोळा करायला जायचं. घरोघर. नाहीतर येतात होय?’ कोण रडतंय, कोण झोपलंय, कुणाच्या घरात काल रात्री भांडण झालं, हे सगळं त्या फेरीत कळायचं म्हणे. एका घरात बाळंतीण ताप लपवत होती ते तिने तिथेच ओळखलं, आणि जीपची वाट न बघता तिला दवाखान्यात नेलं. मग केंद्रात येऊन खिचडी, वजनं, गाणी, आणि दुपारी रजिस्टरं. ‘अकरा रजिस्टरं होती एका वर्षी,’ ती म्हणाली. ‘गाण्याचं रजिस्टर मात्र नव्हतं.’ ताराबाई मोडक हे नाव तिने प्रशिक्षणात ऐकलं होतं. भिंतीवर फोटो होता. ही घरोघरची फेरी तुला कुणी शिकवली, असं विचारलं तर म्हणाली, शिकवायचं काय त्यात, पोर येत नसेल तर आपण जायचं.

मी तिला कार्डाची गोष्ट सांगितली. डेकेअरच्या बाईंची, पाच शब्दांची. ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘त्या बाई आता कुठे असतात?’ मी म्हटलं, माहीत नाही, गोदामात होत्या. ‘तू विचारलं नाहीस?’

नाही विचारलं. त्यांचं पूर्ण नावही आमच्याकडे नव्हतं. लेक त्यांना मिस म्हणायची आणि आम्हीही तेच म्हणायचो. मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने विचारलं, ‘दुखतंय कसं लिहिलं होतं गं तिने?’ मी फोन घेऊन फ्रिजपाशी गेले आणि तिला एकेक अक्षर वाचून दाखवलं.